लास्कोचे बंद दार

लहानपणी अब्बांनी अजिंठा दाखवला. एका चित्राकडे माझा हात गेला, तसा त्यांनी तो मागे ओढला. म्हणाले, “डोळ्यांनी बघ.” पुढे फ्रान्समधल्या लास्को गुहेची हकिकत वाचली आणि कळले, की नुसते डोळ्यांनी बघणेही कधीकधी महागात पडते.

अजिंठ्याची लेणी माणसाने काळ्या कातळात कोरली. लास्कोची गुहा पाण्याने घडवली. पावसाचे पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवत जाते. अशा या पोकळीत सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी माणसांनी बैल, घोडे, हरणे रंगवली.

१२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुले या गुहेत उतरली. १९४८ साली ती लोकांसाठी खुली झाली आणि रोज हजारभर माणसे येऊ लागली. पण मंडळी, माणूस पाहता पाहता श्वासही सोडतो! त्याची वाफ भिंतींवर साचली, चुनखडी झिजू लागली, दिव्यांच्या उजेडात हिरवे शेवाळ धरले. ज्या वायूने गुहा घडवायला हातभार लावला, तोच आपल्या छातीतून येऊन चित्रांच्या मुळावर उठला. अखेर १९६३ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली.

मग आता तिथे जाऊन पाहायचे काय? वेझेर नदीकाठच्या मोंतिन्याक या छोट्या गावी मुक्काम करावा. गुहेची टेकडी जवळच आहे. मूळ गुहेशेजारी १९८३ साली पहिली प्रतिकृती झाली. २०१६ साली टेकडीच्या पायथ्याशी त्याहून मोठी उभी राहिली. दुसरा दिवस लेझेझी गावासाठी राखावा. तिथे प्रागैतिहासिक काळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. जवळच्या फों-द-गोम गुहेत मूळ चित्रे पाहता येतात. मात्र मोजक्याच माणसांना आत सोडतात, म्हणून आधी चौकशी करूनच निघावे. या खोऱ्यातल्या चित्रगुहा १९७९ पासून जागतिक वारसा आहेत.

नक्कल पाहायला इतक्या लांब कशाला जायचे, असे कुणी विचारील. मला अब्बांचा हात आठवतो. त्या दिवशी मी चित्राला शिवलो नाही. माझ्यामागे रांगेत आणखी पोरे उभी होती; त्यांनाही ते दिसले.