मराठी कार्यालयीन लेखनातील विरामचिन्हे व अंकलेखन

पत्रे, परिपत्रके, निविदा, करारनामे, देयके आणि अहवाल यांत विरामचिन्हे, संक्षेप, विशेषनामे, रकमा, दिनांक व मोजमापे लिहिण्याच्या संकेतांना कार्यालयीन लेखनसंकेत म्हणता येईल. ललित लेखनात विरामचिन्ह प्रामुख्याने वाचनाची लय सांभाळते. कार्यालयीन लेखनात त्यावर हक्क, मुदत आणि रक्कम अवलंबून असू शकते. नवी मुंबईसारख्या नियोजित शहरात पत्ते, भूखंड आणि भूसंपादनाच्या नोंदी अंकांनीच ओळखल्या जात असल्याने या संकेतांना तेथे विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

जुना मराठी पत्रव्यवहार व हिशेब मुख्यतः मोडी लिपीत होत असे. मोडीत सलग आडव्या रेघेखाली अक्षरे लिहिली जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची किंवा विरामचिन्हे देण्याची रीत नव्हती. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. आज मराठी गद्यात वाक्याच्या शेवटी दंडाऐवजी पूर्णविराम देतात. हिंदीत मात्र दंड टिकून आहे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे. महानगरपालिकांसह स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीच्या वापरासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ प्रमाणे संघराज्याच्या शासकीय कामासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरले जाते, तर राज्य शासनाच्या मराठी लेखनात देवनागरी अंक रूढ आहेत. त्यामुळे नवी मुंबईत केंद्र व राज्य अशा दोन्ही प्रकारच्या कार्यालयांशी व्यवहार करणाऱ्यास दोन्ही अंकरूपे वाचावी लागतात. एका दस्तऐवजात मात्र शक्यतो एकच रूप ठेवावे.

विरामचिन्हे

अटी लिहिताना स्वल्पविराम अर्थ ठरवतो. उदाहरणार्थ, ‘दंड भरल्यास किंवा मुदतवाढ घेतल्यास आणि काम पूर्ण केल्यास अनामत परत मिळेल’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘दंड भरल्यास, किंवा मुदतवाढ घेतल्यास आणि काम पूर्ण केल्यास’ असे लिहिले, तर केवळ दंड भरणेही पुरेसे ठरते. ‘दंड भरल्यास किंवा मुदतवाढ घेतल्यास, आणि काम पूर्ण केल्यास’ असे लिहिले, तर काम पूर्ण करणे दोन्ही बाबतींत बंधनकारक होते. महत्त्वाच्या अटी क्रमांक देऊन वेगळ्या ओळींवर लिहिणे अधिक सुरक्षित असते.

‘विषय :’ आणि ‘संदर्भ :’ यांतील अपूर्णविराम अक्षराला चिकटला, तर तो विसर्गासारखा दिसतो. म्हणून मराठी छपाईत त्यापूर्वी थोडी जागा सोडतात. ‘दि.’, ‘क्र.’, ‘रु.’, ‘जा.क्र.’ या संक्षेपांत बिंदू देतात. ‘सिडको’सारखे शब्दाप्रमाणे उच्चारले जाणारे संक्षिप्त नाव बिंदूंशिवाय लिहितात.

मोठ्या अक्षरांचा अभाव

देवनागरीत लहान व मोठी अक्षरे असा भेद नाही. इंग्रजीत मोठ्या आद्याक्षराने विशेषनाम ओळखू येते. मराठीत हे काम वाक्यरचनेला करावे लागते. ‘नवीन पनवेल कार्यालय’ म्हणजे नवीन पनवेल या वसाहतीतील कार्यालय की पनवेलचे नवे कार्यालय, हे त्या तीन शब्दांवरून कळत नाही. ‘नवीन पनवेल येथील कार्यालय’ किंवा ‘पनवेल येथील नवीन कार्यालय’ असे लिहिल्यास संदिग्धता राहत नाही.

इंग्रजी करारनाम्यात व्याख्या केलेल्या संज्ञा मोठ्या अक्षराने दाखवतात. मराठी करारनाम्यात ‘यापुढे ज्यांचा उल्लेख “परवानाधारक” असा करण्यात आला आहे’ अशी वाक्यरचना रूढ आहे. एकदा निश्चित केलेली संज्ञा शेवटपर्यंत बदलू नये, कारण ‘परवानाधारक’ आणि ‘अनुज्ञप्तिधारक’ असे दोन शब्द आल्यास दोन वेगळे पक्ष असल्याचा समज होऊ शकतो.

रकमा

भारतीय पद्धतीत उजवीकडून पहिले तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांनंतर स्वल्पविराम देतात : १,२५,००,००० म्हणजे एक कोटी पंचवीस लाख. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तीच संख्या १२,५००,००० अशी लिहिली जाते. रक्कम अंकी व अक्षरी दोन्ही लिहून अखेरीस ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात. अंकांनंतर ‘/-’ देतात. पुढे काही वाढवता येऊ नये, हा त्यामागील हेतू. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार धनादेशासारख्या संलेखात अंकी व अक्षरी रक्कम भिन्न असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. म्हणून अक्षरी रकमेतील चूक अंकांतील चुकीपेक्षा महाग पडू शकते.

बिंदूचे अनेक अर्थ

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन निश्चित करण्यात आली. जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील शेतकरी आंदोलनात पाच जणांचा मृत्यू झाला. या लढ्यातून पुढे आलेली, विकसित भूखंड परत देण्याची योजना ‘साडेबारा टक्के योजना’ म्हणून ओळखली जाते. ‘१२.५ %’ मधील दशांश बिंदू छपाईत पुसट झाला तर १२५ उरतात. ‘साडेबारा’ या शब्दाला तो धोका नाही.

सातबारा उताऱ्यातील क्षेत्राच्या नोंदीत बिंदूचा अर्थ वेगळा असतो. तेथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर ही एकके बिंदूंनी विभागली जातात. १.२५.५० म्हणजे १ हेक्टर २५ आर ५० चौ.मी., अर्थात १२,५५० चौ.मी. ‘७/१२’ मधील तिरपी रेघही अपूर्णांकाची नाही. ती गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांना जोडते.

दिनांक

मराठीत दिवस, महिना, वर्ष असा क्रम आहे. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. त्यामुळे ऐरोली-महापे पट्ट्यातील परदेशी ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांत ०५/०४/२०२४ ही नोंद ५ एप्रिल किंवा ४ मे अशी दोन प्रकारे वाचली जाऊ शकते. महिन्याचे नाव अक्षरी लिहिणे हा सोपा उपाय आहे. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ष, महिना, दिवस असा क्रम असून संगणकीय नोंदींसाठी तो सोयीचा ठरतो.