दोन गाड्यांमधली रिकामी जागा

सकाळी पावणेनऊला दादरच्या फलाटावर कुणालाही विचारा. येणारी गाडी फास्ट की स्लो, बारा डबा की पंधरा, कुठवर जाणार, सगळं तोंडपाठ असतं. हजारो डोळे इंडिकेटरवर खिळलेले असतात. फलाटापुढच्या सिग्नलकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही.

एकदा मुद्दाम बघा. सुटलेली गाडी सिग्नलच्या खांबापुढे सरकते न सरकते, तोच हिरवा दिवा लाल होतो. गाडी नजरेआड झाल्यावर काही वेळानं तो पिवळा होतो, मग दोन पिवळे आणि शेवटी पुन्हा हिरवा. अशा बहुतेक खांबांवर पांढऱ्या चकतीत काळं ‘ए’ हे इंग्रजी अक्षर असतं. म्हणजे हा सिग्नल स्वयंचलित आहे. दर गाडीमागे दिवे बदलायला इथे कुणी माणूस बसलेला नाही. मग दिव्याला कळतं कसं?

रूळ त्याला सांगतात. लोहमार्गाचे विजेच्या दृष्टीनं वेगवेगळे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला विजेचा क्षीण प्रवाह सोडतात. तो एका रुळातून दुसऱ्या टोकाच्या रिलेपर्यंत, म्हणजे प्रवाहावर चालणाऱ्या कळीपर्यंत, जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. रिलेला प्रवाह मिळत राहिला, की समजायचं, तुकडा रिकामा आहे. गाडी त्यावर आली, की तिची लोखंडी चाकं आणि त्यांना जोडणारा आस हे दोन रूळ जोडून टाकतात. प्रवाहाला ती आडवाट सोपी पडते, तो तिथूनच मागे फिरतो, रिले उपाशी राहतो आणि दिवा लाल होतो. गाडी आपल्या मागे आपणच लाल दिवा लावत जाते! ही युक्ती अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली शोधली. आता काही ठिकाणी चाकं मोजणारी यंत्रं हे काम करतात, पण काम तेच.

यातली खरी मेख पुढे आहे. रूळ तुटला, तार निसटली, वीज गेली, तरी रिलेला प्रवाह पोहोचत नाही आणि दिवा लालच होतो. गाडी असल्याचा पुरावा इथे कुणी मागत नाही. जागा रिकामी असल्याचा पुरावा मात्र क्षणोक्षणी द्यावा लागतो.

आणि या रिकामेपणावरच मुंबई चालते. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. बसायला जागा बाराशेच्या आसपास, पण ऐन गर्दीत तिच्यात पाच हजारांच्या घरात माणसं असतात. दर तीन मिनिटांनी एक गाडी धरली, तर तासाला वीस गाड्या. म्हणजे एकाच मार्गावरून, एकाच दिशेनं, तासाभरात लाखभर माणसं जातात. मध्य आणि पश्चिम रेल्वेवर मिळून दिवसाला ३,००० हून अधिक लोकल फेऱ्या होतात.

भरधाव लोकल थांबायला काही शे मीटर लागतात, म्हणून तेवढी मोकळीक पुढे हवीच. शिवाय लाल सिग्नलच्या पलीकडेही साधारण १२० मीटर रूळ मोकळे राखतात, न जाणो मोटरमनचा अंदाज चुकला तर! डब्यात तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा करून देणं हा मुंबईचा शिष्टाचार आहे. रुळांवर मात्र चौथी सीट नाही. दोन गाड्यांमध्ये आणखी एक कोंबायची, तर सगळ्यांनी सारख्या चालीनं धावायला हवं. म्हणूनच फास्ट आणि स्लोचे मार्ग वेगळे. एकाच मार्गावर दोन्ही सोडल्या, तर फास्ट गाडी स्लोच्या मागे रखडणार.

अंतर कमी ठेवायचं, तर गाडीनं चटकन थांबून चटकन वेगही घ्यायला हवा. ते साधलं विजेमुळे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेवरची गाडी धावली. लोकलला वेगळं इंजिन नसतं. बारा डब्यांत मोटर असलेले डबे अधूनमधून पेरलेले असतात आणि मोटरमनची केबिन दोन्ही टोकांना असते. चर्चगेटला फलाट अवघे चार. तिथे आलेली गाडी वळवावी लागत नाही. दुसऱ्या टोकाला मोटरमन चढतो, शेपटाचं डोकं होतं आणि ती पुन्हा उत्तरेला निघते.

ही रिकामी जागा आणखी आखडता येईल? भुयारी मेट्रो तीननं त्याचं उत्तर दिलं आहे. तिथे गाडी आपला ठावठिकाणा रेडिओलहरींनी सतत कळवत असते. त्यामुळे रुळांचे ठरावीक तुकडे मोजत बसावं लागत नाही. मोकळी जागाही गाडीबरोबर चालू लागते आणि मागच्या गाडीला ब्रेक लागायला पुरेल एवढीच उरते.

लोकलची जागा अजून बहुतांशी रूळच राखतात आणि पावसाळ्यात त्यांनाही चकवा होतो. जुलैत शीव-कुर्ल्याच्या सखल भागात पाणी भरतं. घाण पाण्यातून वीज वाहते. एका रुळातला प्रवाह पाण्यातून दुसऱ्या रुळात झिरपतो आणि रिले पुन्हा उपाशी राहतो. रुळांच्या लेखी पाणी म्हणजे गाडीच! सिग्नल लाल होतो. अशा स्वयंचलित लाल सिग्नलपाशी मोटरमननं दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, मग भोंगा वाजवून मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायचं, असा नियम आहे.

पुढच्या पावसात गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबेल. चौथ्या सीटवरचे गृहस्थ घड्याळ बघतील, दारातला कुणी तरी वाकून पुढे पाहील आणि सांगेल, ‘पुढे तर काहीच नाही!’ त्याचं म्हणणं खरंही असेल. पण ‘काहीच नाही’ याची खात्री रुळांनी अजून दिलेली नसते आणि पाच हजार माणसांना घेऊन मोटरमन ते मिनिट मोजत असतो.