क्रांतिकाळ आणि स्त्रीचे आत्मकथन : चिनी व मराठी लेखनाचा तौलनिक विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकात आशिया खंडातील अनेक समाजांनी राजकीय व सामाजिक क्रांतीचा अनुभव घेतला. या क्रांतींचा इतिहास प्रामुख्याने नेते, पक्ष, लढाया आणि ठराव यांच्या आधारे लिहिला गेला. त्या काळात स्त्रीचे घर, विवाह, श्रम आणि शरीर यांत नेमका काय बदल घडला, याचे उत्तर मात्र स्त्रियांच्या आत्मकथनांत शोधावे लागते. चीनमधील क्रांतिकाळावर स्त्रियांनी लिहिलेल्या आठवणी व कादंबऱ्या जगभर वाचल्या गेल्या. मराठीत याच स्वरूपाचे लेखन साम्यवादी शेतकरी चळवळ आणि आंबेडकरी चळवळ या दोन प्रवाहांतून आले आहे. या दोन परंपरा शेजारी ठेवल्यास क्रांती उंबरठ्याच्या आत कितपत पोहोचली, हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

चिनी लेखनाची पार्श्वभूमी

हूनान प्रांतातील शिए बिंगयिंग ही तरुणी १९२६ मध्ये वूहान येथील लष्करी शाळेत दाखल झाली. घरच्यांनी ठरविलेला विवाह टाळणे हाही त्यामागील एक हेतू होता. १९२७ मध्ये स्त्रियांची तुकडी बरखास्त झाली, तिला घरी परतावे लागले आणि पुन्हा त्याच विवाहाला तोंड द्यावे लागले. हा अनुभव तिने १९३६ मधील आत्मचरित्रात मांडला. मार्च १९४२ मध्ये साम्यवादी तळ असलेल्या यानान येथे लेखिका डिंग लिंग हिने स्त्री कार्यकर्त्यांच्या दुहेरी कोंडीवर निबंध लिहिला. स्त्रीने विवाह केला तरी टीका आणि न केला तरी टीका, असे तिचे निरीक्षण होते. या निबंधाबद्दल तिला पक्षाच्या रोषाला सामोरे जावे लागले.

१९५० च्या विवाह कायद्याने चीनमध्ये सक्तीचे विवाह व उपपत्नीची प्रथा रद्द झाली. परंतु कायद्यानंतरचे जीवनही सरळ नव्हते. युंग चांग यांच्या ‘वाइल्ड स्वॉन्स’ (१९९१) या ग्रंथात आजी, आई व मुलगी अशा तीन पिढ्यांची कथा येते. पाय बांधलेली आजी एका लष्करी सरदाराची उपपत्नी होती. आई क्रांतीत सामील झाली आणि पुढे सांस्कृतिक क्रांतीत तिचाच छळ झाला.

मराठीतील दोन प्रवाह

गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे मराठीतील या प्रकारचे ठळक पुस्तक होय. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्यातील सुशिक्षित घरातील, कायद्याच्या पदवीधर असलेल्या गोदावरीबाई किसान सभेच्या कार्यासाठी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात गेल्या. १९४५ मध्ये तेथील वारल्यांनी वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा उभारला. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनीही त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे, अशी ही पद्धत होती. म्हणजे विवाह हीच गुलामगिरीची सुरुवात ठरे आणि गड्याची पत्नी मालकाच्या वासनेलाही बळी पडे. कर्ज, जमीन आणि स्त्रीदेह यांची ही गुंतागुंत गोदावरीबाईंनी प्रत्यक्ष पाहून नोंदविली. मात्र ही नोंद बाहेरून आलेल्या कार्यकर्तीची आहे. त्या पुस्तकातील वारली स्त्री वाचकासमोर येते ती लेखिकेच्या दृष्टीतून.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी स्वतः लिहिण्याचा टप्पा दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी गाठला. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही पुस्तके १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आली. ‘जिणं आमुचं’ मध्ये ‘मी’ पेक्षा ‘आम्ही’ अधिक आहे. महारवाड्यातील उपासमार, अंधश्रद्धा, कोवळ्या सुनांचा सासुरवास आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराने आलेली जाग हा त्याचा विषय आहे. बेबीताई फलटण येथे घरचे छोटे दुकान सांभाळीत लिहीत आणि लिहिलेले कागद अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवीत. नवऱ्याकडून झालेल्या मारहाणीविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात मात्र समाजाचीच व्यथा प्राधान्याने आली. चळवळीने ज्या स्त्रीला वाणी दिली, तिलाच स्वतःच्या घरात लेखणी लपवावी लागली, ही वस्तुस्थिती या लेखनाचा गाभा दर्शविते.

नागपूर येथे जुलै १९४२ मध्ये, म्हणजे डिंग लिंगच्या निबंधानंतर अवघ्या चार महिन्यांनी, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिने घटस्फोटाचा हक्क मागितला आणि बहुपत्नीत्वाला विरोध केला. चीनमध्ये विवाह कायदा लागू झाला त्याच सुमारास भारतात हिंदू कोड बिल अडविले गेले व सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हे कायदे १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्यांनी संमत झाले.

मराठवाडा आणि शेजार

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातील तेलंगणात १९४६ ते १९५१ या काळात सशस्त्र शेतकरी लढा झाला. त्यात सहभागी स्त्रियांच्या मुलाखती हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेने प्रसिद्ध केल्या. लढा संपताच घरी जाऊन संसार करा असे सांगितले गेल्याची वेदना त्यांत आढळते. वूहानच्या स्त्री सैनिकांची कथा येथे जवळजवळ तशीच पुन्हा घडलेली दिसते.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे १९५० मध्ये सुरू झालेले मिलिंद महाविद्यालय आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालविलेले ‘अस्मितादर्श’ यांनी दलित साहित्याला व्यासपीठ दिले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा इंग्रजी अनुवाद याच शहरातील विद्यापीठात अध्यापन केलेल्या वंदना सोनाळकर यांनी २००८ मध्ये केला.

आठवण आणि कादंबरी

या साहित्याचा अभ्यास करताना साहित्यप्रकारांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. अँची मिन यांनी ‘रेड अझेलिया’ (१९९४) हे आत्मकथन लिहिले आणि ‘बिकमिंग मॅडम माओ’ (२०००) ही माओच्या पत्नीवरील कादंबरीही लिहिली. पहिल्यात लेखिका स्वतः साक्षीदार आहे. दुसरीत ती ऐतिहासिक व्यक्तीच्या मनाची कल्पना करते. कादंबरीतील मनोगत हा पुरावा नव्हे. आत्मकथनालाही मर्यादा आहेत : ते बहुधा उशिरा लिहिले जाते, त्यात विसर पडतो आणि समाजाच्या भीतीने काही गाळले जाते. परंतु काय गाळले व का गाळले, हेही अभ्यासकाला बरेच सांगून जाते. बेबी कांबळे यांचे मौन हे त्याचे उदाहरण होय.

समारोप

चिनी व मराठी लेखनाच्या या तुलनेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. क्रांतीने स्त्रीला घराबाहेर काढून वाणी दिली. चळवळ ओसरताच तिला पुष्कळदा पुन्हा घराकडे वळविण्यात आले. आणि कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्ष संसारात उतरण्यास आणखी एक-दोन पिढ्या लागल्या. हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी आज अखेरच्या टप्प्यावर आहे. मराठवाड्यातील गावोगावच्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जतन करणे, हे येथील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना सहज हाती घेता येण्यासारखे कार्य आहे. ते न झाल्यास या प्रदेशाच्या इतिहासातील अर्धी साक्ष कायमची नाहीशी होईल.