तारपा ऐकायचा तर खळ्यावर

भात पिवळं पडू लागलं की डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर तारपा बाहेर निघतो. जुन्या रिवाजाप्रमाणे पावसाळ्यात तो वाजवत नाहीत. नव्या धान्याची, म्हणजे कणसरीची चाहूल लागली की रात्री सूर घुमू लागतात, ते दिवाळीपर्यंत. या हंगामाला रोजीरोटीचाही हिशेब आहे. वापीच्या कारखान्यांत आणि बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत कामाला असलेली पोरं दिवाळीला घरी येतात. सण झाला, कापणी उरकली की कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. सगळा पाडा एका जागी सापडतो तो एवढ्याच दिवसांत. जुना तारपकरी, त्याच्या चाली पायांत मुरलेली माणसं आणि नवी पोरं या काळात एकाच खळ्यावर येतात.

तारपा हे पुंगीच्या कुळातलं वाद्य. सुकवलेला भोपळा हे त्याचं पोट. वरून फुंकर घालायची. खाली बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या असतात आणि शेवटी ताडाच्या पानांचा कर्णा असतो. नळ्या भोपळ्यात शिरतात तिथली फट मेणाने बुजवतात. बोटाच्या उबेने मेण मऊ करायचं, दाबायचं, फुंकून बघायचं आणि कुठून हवा निसटली तर पुन्हा दाबायचं. भोपळ्याच्या आत, नळ्यांच्या तोंडाशी, बांबूचीच पातळ कापलेली जीभ असते. तिच्या टोकाला मेणाचा कण लावला की ती जड होते आणि सूर उतरतो. कण काढला की सूर चढतो. दोन्ही नळ्यांचं असं जुळवून घेण्यात कारागिराचा कान लागतो आणि वेळही जातो.

जीभ भोपळ्यात बंद असल्यामुळे वादकाचे ओठ तिला लागत नाहीत. त्यामुळे सनईसारखा स्वतःच्या जिभेने सूर तोडता येत नाही. सूर अखंड वाहत ठेवायचा आणि नक्षी बोटांनी काढायची. त्यासाठी गालात हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यावा लागतो. हे तंत्र अंगात मुरायला काळ लागतो आणि एकदा मुरलं की वय झालं तरी सुटत नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते.

पण नुसता वादक म्हणजे तारपा नव्हे. बाया-गडी एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात. साखळीच्या पुढचा माणूस काठी आपटत तिला नेतो. मधोमध तारपकरी वाजवत फिरतो आणि साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते, उलगडत जाते. तारप्याला पाठ दाखवायची नाही हा दंडक. वादकाने चाल बदलली की पाय बदलतात. पाय थकले किंवा चुकले तर ते त्याला दिसतं आणि तो चाल पुन्हा बदलतो. तारप्याची मैफल या दोघांत मिळून उभी राहते.

ही देवाणघेवाण ध्वनिमुद्रणात येत नाही. ज्यांची गाणी घराघरात वाजतात, त्यांनाही लोक पुन्हा प्रत्यक्ष ऐकायला जातात ते यासाठीच. गन्स एन रोझेस हा अमेरिकन रॉक बँड मुंबईत २०१२ साली आला तेव्हा गिटारवादक स्लॅश त्यात नव्हता. १९९६मध्ये तो बाहेर पडला होता. २०१६मध्ये तो आणि बेसवादक डफ मॅकेगन परतले आणि १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर हे जुने साथीदार मुंबईकरांसमोर एकत्र उभे राहिले. गाणी बहुतेकांना पाठ होती. तरीही लोक गेले, कारण वर्षानुवर्षं एकमेकांच्या सवयी ओळखणारी माणसं समोरासमोर वाजवतात तेव्हा त्या क्षणी जे घडतं, ते तिथेच मिळतं.

वारली मुलखात या जुन्या साथीदारांत नाचणारेही आले. तारप्याचं संकट नेमकं इथे आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तारपा नाच कागदावर आणला आणि जगभर नेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती गोल साखळी साड्यांवर, पिशव्यांवर, सरकारी भिंतींवर दिसते. चित्र ओळखणारे लाखो आहेत, मात्र मधोमध उभ्या त्या माणसाच्या हातातलं वाद्य कानांनी ऐकलेले थोडे. स्टेजवरच्या कार्यक्रमात तारप्याला काही मिनिटं मिळतात, नाचणारे प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहतात आणि रंगायच्या आत चाल संपते. डीजे आला की तेवढीही गरज उरत नाही.

म्हणून धिंडा यांच्या पुरस्काराच्या आनंदासोबत पुढचं कामही बोलायला हवं. आश्रमशाळेत तारपकऱ्याला मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवावं. मुलांनी भोपळा निवडण्यापासून जीभ कापण्यापर्यंत सगळं त्याच्या हाताखाली करावं. दिवाळीच्या दिवसांत पाड्यापाड्यांनी रात्रभराच्या नाचाला आपलं खळं मोकळं ठेवावं. बाहेरून जाणाऱ्यांनी आधी विचारून जावं आणि बोलावलं तर मोबाइल खिशात ठेवून साखळी धरावी. वादक घडायला वर्षं लागतात आणि त्याच्या चालीवर पाऊल टाकणारा पाडा घडायला त्याहून जास्त. आज दोन्ही आपल्याकडे आहेत. शिकण्याची वेळ हीच आहे.