शेरा ‘चांगला’, चेहरा उतरलेला

मार्च संपला की नोकरदारांच्या घरांतून एक प्रश्न हळूच फिरू लागतो, ‘यंदा किती?’ कुणी तो थेट विचारतं, कुणी नव्या फ्रिजचा विषय काढून. मुलांच्या दहावीच्या निकालासारखाच हा मोठ्यांचा निकाल. फरक एवढाच, की इथे पेपर कशावर होता हे पुष्कळदा निकाल लागल्यावर कळतं!

सरकारी नोकरीत ही धाकधूक नाही, असा आपला समज असतो. पगारवाढीपुरता तो बराचसा खराही आहे. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी केंद्रीय कर्मचाऱ्यांची वार्षिक वाढ 3 टक्के ठरली आणि सातव्याने ती तशीच ठेवली. पण बढतीच्या वेळी तिथेही शेरा आडवा येतो. सीमा रस्ते सेवेतले अभियंता देव दत्त यांच्या गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला. बढतीला ‘खूप चांगला’ हवा होता. शेरा काही वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही. बढती मात्र हुकली. शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला. तोवर देव दत्त सेवानिवृत्त झाले होते.

खासगी कंपनीत शेरा कळतो, पण तो जिव्हारी लागतो. वर्षभर रात्री नऊ-नऊपर्यंत थांबलेल्या माणसाच्या हाती ‘अपेक्षेप्रमाणे काम’ एवढे दोनच शब्द येतात. घरी आल्यावर तो जेवताना बोलत नाही, आणि बायको समजते की आपलंच काही चुकलं.

अशा वेळी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावी. बहुतेक कंपन्यांत वाढीसाठी एकूण किती रक्कम द्यायची हे आधी वर ठरतं. साहेबाच्या हाती येते ती तिची वाटणी. एकाला जास्त द्यायचं तर दुसऱ्याचं कमी करणं आलं. काही कंपन्या तर कोणत्या श्रेणीत शेकडा किती माणसं बसवायची, हेही आधीच ठरवतात. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली. सगळ्यांनी केलेली नाही. तेव्हा पत्रातल्या आकड्यात तुमच्या कामाबरोबर कंपनीचा नफा आणि साहेबाचं वरचं वजनही मिसळलेलं असतं. त्यावरून नवऱ्याची किंवा सुनेची हुशारी मोजायला बसू नये.

साहेबाचंही एक असतं. त्याला फेब्रुवारी-मार्च आठवतो. मागच्या जूनमध्ये तुम्ही कोणतं संकट निस्तरलंत, हे तो विसरलेला असतो. म्हणून केलेल्या कामाची नोंद महिन्याच्या महिन्याला वहीत करावी. बोलायला जाताना ‘अमक्याला जास्त का?’ हा प्रश्न घरी ठेवावा. ‘वरची श्रेणी हवी तर पुढच्या वर्षी नेमकं काय करू?’ असं विचारावं आणि उत्तर लिहून घ्यावं. दोन-तीन वर्षं उत्तर गुळमुळीतच मिळालं, तर दुसरीकडे अर्ज टाकण्यात कसलाही कृतघ्नपणा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला हिशेब. पगार 60,000 आणि वाढ 8 टक्के, म्हणजे 4,800 रुपये. घरखर्च 50,000 असेल आणि महागाई 5 टक्के धरली, तर त्यातले 2,500 तिथेच गेले. उरलेल्या 2,300 मधून कर आणि भविष्य निर्वाह निधी वजा करा. मोटारीचा हप्ता यातून कसा निघणार? त्यातून वाढीव पगार कधी कधी उशिरा, दोन-तीन महिन्यांच्या फरकासह येतो. त्या महिन्याचा फुगलेला आकडा पाहून हप्ता ठरवणारेही आहेत. पुढच्या महिन्याची पगारपावती हाती येईपर्यंत शोरूमकडे न फिरकलेलं बरं.