हौशी बुद्धिबळपटूंमधील पायऱ्या

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील केळापूर तालुक्यात असो वा नागपुरात, हौशी बुद्धिबळपटूंमधला फरक मोजण्याचे मान्य साधन म्हणजे रेटिंग, अर्थात अधिकृत स्पर्धांच्या निकालांवरून काढलेला बलदर्शक अंक. हा अंक तुलनेपुरताच खरा असतो. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० अंकांचे अंतर असल्यास वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, एवढेच त्यातून कळते. जपान-चीनमधील ‘गो’ या खेळात मात्र हे अंतर पटावरच दिसते, कारण हौशी खेळाडूंत जितक्या श्रेणींचा फरक, साधारण तितक्या सोंगट्या दुबळ्याला आधीच मांडू दिल्या जातात.

तळाच्या पायरीवर डाव हरतो तो बहुधा फुकट दिलेल्या मोहऱ्यामुळे किंवा न दिसलेल्या धमकीमुळे. उदाहरणार्थ, पांढऱ्याचे वजीर आणि उंट मिळून काळ्या राजाच्या उंटापुढील प्याद्यावर रोख धरतात, त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच आधार नसतो, आणि घोडा पुढे काढण्याच्या उत्साहात ते ध्यानात न आल्यास चौथ्याच चालीला मात होते. पुढची पायरी गाठणारा प्रत्येक चालीआधी प्रतिस्पर्ध्याचा हेतू तपासतो. त्याहून वरचा, मोहरी कमी झाल्यावर उरणाऱ्या राजा-प्याद्यांच्या अंत्यडावाचा हिशेब आधीच मांडतो. सुरुवातीच्या चालींचे पाठांतर या कौशल्यांपुढे फारसे उपयोगी पडत नाही, जरी हौशी मंडळींचा बराच वेळ त्यातच जातो. शिखरावरही निकाल केवळ पाठांतरावर ठरत नाही: जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखने निर्णायक डाव जलदगती टायब्रेकमध्ये, घड्याळाच्या दडपणाखाली जिंकला होता.