दोघांच्या घरासाठीं ऊन पाणी

घाटंजीसारख्या गांवीं थंडींत स्नानास ऊन पाणी हवेंच. परंतु दोघांना तें किती लागेल, याचा हिशेब आधीं करावा. १५ लिटरांच्या दोन बादल्या २० अंशांवरून ४० अंशांवर न्यावयास सुमारें ०.७ युनिट वीज लागते. ६० अंशांच्या १५ लिटर पाण्यांत २० अंशांचें तितकेंच पाणी मिसळलें कीं त्या दोन बादल्या भरतात. म्हणून १५ लिटरांची विजेची टाकी दोघांस पुरे. गच्ची स्वतःची असल्यास सूर्यतापक उत्तम. मात्र आभाळ आलें कीं तो मंदावतो. तांब्याचा बंब धुरामुळें अंगणांतच शोभतो. गॅसचें यंत्र बंद न्हाणीघरांत कदापि नको. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाहीं, आणि माणूस सावध होण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. तें बाहेर, मोकळ्या हवेंतच बसवावें.